गास्परबाबूंचं वाईट नाव

बाळंतपणाच्या दवाखान्यात बाया येतात, मोकळ्या होतात आणि पाचव्या-सातव्या दिवशी घरी जातात. जाताना काहीतरी विसरतात. कोणी तांब्या, कोणी फणी, कोणी सासूचा चष्मा. त्या वस्तू आम्ही कपाटात ठेवायचो आणि कोणीतरी येऊन घेऊन जायचं. गोष्टीही मागं राहतात, पण त्या परत मागायला कोणी येत नाही. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात मी आया म्हणून बावीस वर्षं काढली. तांबे गेले, चष्मे गेले, गोष्टी माझ्याकडेच राहिल्या. आता घरात कोणी दोन मिनिटं टेकलं की मी एक काढते. नातू म्हणतो, "आजी, ही सांगून झाली." झाली असेल. पुन्हा ऐक!

यातल्या निम्म्या गोष्टी गास्परबाबूंच्या आहेत.

*

गास्परबाबू आमचे कंपाउंडर. उंच, सावळे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. आजोबा गोव्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरला आले, वडील गार्ड झाले, हे जन्मले अजनीच्या रेल्वे क्वार्टरात. त्यामुळे प्रार्थना इंग्रजीत, भाजीबाजार हिंदीत आणि भांडण आमच्या बोलीत.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. आजोबाचं नाव नातवाला द्यायचं. आजोबा गास्पर, म्हणून हे गास्पर. आजोबांचे आजोबाही गास्पर. मधल्या बापलोकांना कोणतंही नाव चालायचं.

पण गास्परबाबूंना मूल नव्हतं. ज्या दवाखान्यात दिवसाला दोन-तीन लेकरं होतात तिथल्या कंपाउंडरला एक नाही. बायको रोझीबाई, शाळेत शिवण शिकवायच्या. यावर त्या दोघांच्या तोंडावर कोणी बोलत नसे आणि पाठीमागं सगळेच बोलत.

एकदा चहा पिताना ते स्वतःच मला म्हणाले, "अनुसया, ते नाव माझ्यापाशी येऊन थांबलं वं. पुढं रूळच नाही."

आमच्याकडे तेव्हा उलटी गोष्ट चालली होती. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीत लोक जुनी नावं फाटक्या सदऱ्यासारखी काढून टाकत होते. माझ्या नवऱ्याचं नाव कचरू होतं. त्यानं आनंद करून घेतलं. पुढं लेकरं झाली त्यांची नावं तर विचारू नका. आमच्या एका गल्लीत सात राहुल! एखाद्या आईनं दारातून "राहुल, जेवाले ये" म्हटलं की सात पोट्टे धावत यायचे. एकदा आठ आले. आठवा गौतम होता. भूक लागली होती म्हणाला.

हे मी गास्परबाबूंना सांगितलं तर ते हसले नाहीत. "तुमी लोकं नाव फेकून राहिले, अन् मी नाव धरून बसलो," म्हणाले.

मी म्हटलं, "तुमच्या नावानं कोणी तुमाले हिणवलं नाही ना बाबू, म्हणून धरून बसले."

त्यांनी कप खाली ठेवला. मलाही वाटलं, जरा जास्तच बोलले. तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाईंची हाक आली, "गास्पर! आज येता का उद्या?"

"हिणवते ना वं," ते उठता उठता म्हणाले. "रोज सकाळी दहापासून."

*

चौसष्ट-पासष्ट साल असेल. खाप्याहून यशोदा नावाची एक बाई आली. आधीची तीन लेकरं महिन्याच्या आत गेलेली. चौथं आमच्याकडे झालं, मुलगा. सोबत सासू होती. बुढीनं लेकराचं तोंड पाहिलं न पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, उकिरडा कुठं हाय वं तुमचा?"

ही तिकडची जुनी रीत. ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं नवं लेकरू घटकाभर उकिरड्यावर ठेवायचं, म्हणजे ते टाकलेलं आहे असं यमाला वाटतं. नाहीतर परक्या माणसाला मूठभर कोंड्यावर विकून टाकायचं आणि त्याच्याकडून सांभाळायला म्हणून परत घ्यायचं. आणि नाव वाईटात वाईट ठेवायचं. उकंडराव, कोंडबा, धोंडू, दगडू ही माणसं अशीच झालेली. चांगल्या नावाचं लेकरू यमाच्या डोळ्यात भरतं म्हणे. आम्ही दीक्षेनंतर हे सगळं सोडून दिलं होतं, पण दवाखाना काही आमचा नव्हता.

डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "माझ्या दवाखान्यातलं लेकरू उकिरड्यावर गेलं तर मागोमाग त्याची आजी जाईल. मी स्वतः टाकून येईन."

"मंग इकतो," बुढी म्हणाली. "पण घेणारा आमच्या गावचा नको, आमच्या जातीचा नको, अन् आमच्या देवाचा तं बिलकूल नको."

नेमके त्याच वेळी गास्परबाबू कापसाचा गठ्ठा घेऊन वॉर्डात शिरले. बुढीनं त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं.

"गाव कोणतं?"

"अजनी."

"देव?"

"येशू."

"जात?"

गास्परबाबूंनी थोडा विचार केला. "रेल्वे."

बुढीचं समाधान झालं. तिनं लेकरू उचललं आणि सरळ त्यांच्या हातात दिलं. "घ्या. तुमचं झालं. काय देता?"

त्यांच्याकडे देण्यासारखं काय होतं? काखेतल्या गठ्ठ्यातून मूठभर कापूस काढून दिला. बुढीनं तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. "आता नाव ठेवा. वाईट पाह्यजे."

गास्परबाबूंनी त्या लेकराकडे पाहिलं. दवाखान्यात हजार लेकरं त्यांच्यासमोर झाली असतील, पण कामाशिवाय, नुसतं धरायला म्हणून, त्यांच्या हातात कोणी दिलं नव्हतं. मग हळूच म्हणाले, "गास्पर."

बुढीनं ते नाव कडू काढा घोळवतात तसं तोंडात घोळवून पाहिलं. दोनदा म्हटलं. यशोदेला म्हणायला लावलं. मग मान डोलावली.

"छान वाईट हाय," ती म्हणाली. "एवढं आमाले सुचलं नसतं."

*

पोट्टा जगला. सव्वा वर्षाचा झाल्यावर बुढी त्याला दाखवायला घेऊन आली तेव्हा तो गास्परबाबूंच्या बोटाला कडकडून चावला. दात दाखवायलाच आणला होता.

मग काय! खाप्याची बातमी सावनेरला गेली, सावनेरची एसटीत बसून उमरेडला गेली. डॉक्टरीणबाई प्रत्येकीला समजावून सांगायच्या. लेकरू जगलं ते नाळ स्वच्छ ब्लेडनं कापली म्हणून, इंजेक्शन दिलं म्हणून, पाणी उकळून पाजलं म्हणून. बाया सगळं ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि बाहेर येऊन मला विचारायच्या, "तो कापसावाला कुठं बसते जी?"

मी एकदा गास्परबाबूंना विचारलं, "तुमचा इश्वास हाय का याच्यावर?"

"नाही."

"मंग काहून करता?"

"कोणी आपल्या हातात लेकरू देते अन् म्हणते, तुमचं झालं," ते म्हणाले. "नाही कसा म्हणू वं?"

घरी रोझीबाई प्रत्येक लेकरामागं एक झबलं शिवून पाठवायच्या. त्यांना विश्वास होता का, ते मी विचारलं नाही. झबल्याला बटणाऐवजी बंद असायचे, म्हणजे लेकरू मोठं झालं तरी पुरेल.

चर्चच्या फादरच्या कानावर हे गेलं. त्यांनी रविवारी गास्परबाबूंना बाजूला घेतलं. "बाप्तिस्म्याशिवाय तू नावं देऊन राहिला म्हणे! तू या लेकरांचा गॉडफादर आहेस का?"

"नाही फादर," गास्परबाबू म्हणाले. "मी गिऱ्हाईक हाओ."

*

एका प्रोफेसरांची सून आमच्याकडे दाखल होती. पहिलटकरीण, वेळ लागत होता. प्रोफेसर कॉलेजात इतिहास शिकवायचे. व्हरांड्यात येरझारा घालून कंटाळले आणि गास्परबाबूंना नाव विचारून बसले.

गास्परबाबूंनी नेहमीप्रमाणे सांगितलं की येशूचा जन्म झाला तेव्हा तीन राजे भेट घेऊन बाळाला पाहायला आले, त्यातल्या एकाचं हे नाव. "मीही रोज बाळच पाहतो," म्हणाले. "पण भेट म्हणून बोरिक पावडर."

प्रोफेसर एकदम थांबले. म्हणाले, "अहो, ते नाव मुळात कोणाचं आहे ठाऊक आहे का? पार्थियन लोकांचं!"

मग त्यांनी आम्हाला दोघांना समोर उभं करून शिकवलं. इराणच्या बाजूला पार्थिया नावाचा मुलूख होता. आपल्या जुन्या पोथ्यांत त्या लोकांना पह्लव म्हणतात. त्यांच्यात गोंडोफर्नेस नावाचा एक राजा झाला, येशूच्याच काळात, आणि तो राज्य करायचा इकडे तक्षशिलेकडे. त्याची नाणी जमिनीतून निघाली आहेत. त्या नावाचा अर्थ, तेज मिळवणारा. ते नाव पश्चिमेला गेलं, जाता जाता झिजलं, गास्पर झालं, तीन राजांपैकी एकाला चिकटलं, आणि मग पोर्तुगीजांच्या जहाजात बसून गोव्याला उतरलं. असं जाणकार मानतात, म्हणाले. दोन हजार वर्षं!

मी शाळेत गेले नाही, पण ऐकलेलं विसरत नाही. आजही तसंच सांगते.

"लढाईत ते लोक फार हुशार," प्रोफेसर रंगात आले होते. "घोड्यावरून पळून जातायत असं दाखवायचे आणि जाता जाता मागं वळून बाण मारायचे."

"आमच्या डॉक्टरीणबाई तशाच हाएत," गास्परबाबू म्हणाले. "दारातून जाता जाता बोलते."

मग त्यांनी जरा चाचरत विचारलं, "प्रोफेसरसाहेब, एवढं जुनं नाव हाय, राजाचं हाय. तुमच्या नातवाले ठेवता का?"

प्रोफेसरांचा चेहरा उतरला. "ठेवलं असतं हो," ते म्हणाले. "पण घरी बंटी ठरलंय."

गास्परबाबू त्या दिवशी वेगळेच चालत होते, मान ताठ, पाय मोजून. तेवढ्यात आतून आवाज आला, "गास्पर! एनिमाचं भांडं कुठं मेलं?"

"राजाले बोलावणं आलं," म्हणाले, आणि गेले.

*

याचा पुढं त्रास झाला. उमरेडहून एक विणकराचं घर आलं. आजी, मुलगा, सून. दोन लेकरं गेलेली, तिसरं झालेलं. कापूस दिला, लेकरू घेतलं, नाव सांगितलं. इथं थांबायचं की नाही? पण प्रोफेसर डोक्यात बसले होते. गास्परबाबू म्हणाले, "हे साधं नाव नाही बरं आजी. राजाचं नाव हाय!"

आजीनं लेकरू झटकन परत घेतलं. "मंग नाही चालत."

"काहून?"

"राजा म्हटलं की यम पहिले यालेच नेईन! दुसरं द्या."

"दुसरं नाही माझ्यापाशी."

"मंग आमचं लेकरूही नाही तुमच्यापाशी." कापूस तिनं टेबलावर ठेवला. सून रडायला लागली.

गास्परबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. हे त्यांचं त्यांनीच निस्तरायचं होतं. दोन हजार वर्षांचं तेज एकीकडे आणि ते टोपडं घातलेलं लेकरू एकीकडे!

"आजी, राजा होता," शेवटी ते म्हणाले, "पण राज्य गेलं त्याचं."

"गेलं?"

"सगळं गेलं. भीक मागत फिरला."

"कपडे?"

"फाटके."

"अन् रोग-बिग?"

गास्परबाबूंनी डोळे मिटले. "खरूज होती," म्हणाले.

"असं बोला ना मंग पहिलेच!" आजीनं कापूस उचलला.

*

खाप्याचा पहिला गास्पर सहा वर्षांचा झाला. वडील, म्हणजे यशोदेचा नवरा, त्याला शाळेत घालायला गेले. हेडमास्तर म्हणाले, नाव ख्रिश्चनाचं, बाप शेतकरी, हे काय प्रकरण आहे? बापानं खरं ते सांगून टाकलं की आम्ही याला जन्मतःच विकला होता. हेडमास्तर खुर्चीवरून उठले. ज्यानं घेतला त्याच्याकडून लिहून आणा म्हणाले, की मुलगा आता तुमचा आहे.

बाप एसटीनं धंतोलीत आला. पोट्टा बरोबर. गास्परबाबूंनी चष्मा लावला, दवाखान्याचा कागद घेतला, आणि लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं. शब्द न् शब्द आठवतो:

"सदर मुलगा मी मूठभर कापसास विकत घेतला होता. त्याच दिवशी परत केला. मुलगा वापरलेला नाही."

खाली सही आणि दवाखान्याचा शिक्का.

हेडमास्तरांनी तो कागद फाईलला लावला. पोट्ट्याला प्रवेश मिळाला.

*

सगळी जगली असं नाही. तसं कोणी सांगितलं तर खोटं सांगतं.

एका दुपारी एक माणूस आला. धोतर, खांद्यावर दुपट्टा. मला चेहरा आठवला, दोन महिन्यांपूर्वी हसत गेला होता. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि औषधाच्या खिडकीवर ठेवली. पुडीत कापूस होता. भांडला नाही. परत द्यायच्या वस्तूसारखी ठेवून निघून गेला.

त्यानंतर गास्परबाबू कोणाला नाव देईनात. बाया यायच्या, ते सांगायचे, "कापूस संपला." कापसाच्या मुलखात हे कोण खरं मानणार! पण त्यांचं तोंड पाहून बाया परत जायच्या. रोझीबाईंची दोन झबली तशीच कपाटात पडून राहिली.

मी म्हटलं, "बाबू, तुमच्यानं मेलं नाही ते."

"माझ्यानं जगली नाही, हे तं तुमच्या डॉक्टरीणबाई रोजच सांगते," ते म्हणाले. "मंग मेलं तेव्हा माझं नाव घेऊन काहून मेलं?"



*

असं वर्षभर चाललं. मग विमल आली. सावनेरकडची, एकटीच. आधीच्या दोन मुली गेल्या होत्या आणि सासरी त्याचं कोणाला फारसं वाटलंही नव्हतं. ही तिसरी. मुलगी झाली हे कळल्यावर नवरा शेतीचं काम आहे सांगून गेला तो आलाच नाही.

इतक्या वर्षांत मुलगी विकायला कोणी आणली नव्हती, हे मी तोवर लक्षातच घेतलं नव्हतं.

चौथ्या दिवशी विमल पोरीला पदरात घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. अंगात ताकद नव्हती, भिंतीला धरून आली होती.

"इले घ्या," म्हणाली.

गास्परबाबूंनी मान वर केली नाही. "कापूस संपला."

"मंग फुकट घ्या."

"बाई, मी बंद केलं ते."

"दोन गेल्या माझ्या. हे गेली तं मले कोणी पुन्हा दवाखान्यातही नाही आणणार. घ्या जी."

आता ते उठले. खिडकीतून पोरीकडे पाहिलं. पोर जागी होती, छताकडे बघत होती. गास्परबाबूंचा आवाज जरा नरम झाला. "पण बाई, माझ्यापाशी एकच नाव हाय. अन् ते पोट्ट्याचं हाय."

विमलनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढा शिकलेला माणूस आणि एवढंही समजत नाही.

"यम काय लंगोट सोडून पाहते का?" ती म्हणाली.

गास्परबाबू आत गेले आणि कापसाचा अख्खा गठ्ठा घेऊन आले.

*

ही शेवटची. ऐंशीच्या पुढची गोष्ट. गास्परबाबू रिटायर झाले होते, मी अजून ड्युटीवर होते. त्यांच्या छातीत दुखायला लागलं. धंतोलीतच दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं, तपासण्या झाल्या, आणि ऑपरेशन करायचं की नाही ते रिपोर्ट पाहून सांगू म्हणाले. रोझीबाईंना घेरी यायची, म्हणून मी सोबत गेले. आयुष्यभर आम्ही लोकांना बाकावर बसवलं, त्या दिवशी आम्ही बसलो.

बाकावर बसून ते ऑपरेशनचं काहीच बोलत नव्हते. बोलत होते ते नावाचंच.

"अनुसया, त्या पोट्ट्याइची आता लग्नं होतीन. लेकरं होतीन. ते काय आपल्या पोराचं नाव गास्पर ठेवतीन? जगाले पाह्यजे होते म्हणून वाईट नाव ठेवलं. जगले. काम झालं. आता अनिल ठेवतीन, सुनील ठेवतीन."

"ठेवू द्या," मी म्हटलं. "तुमाले काय?"

"काही नाही. दोन स्टेशनं गाडी पुढं गेली, एवढंच. मंग पुन्हा तेच. रूळ नाही."

आमच्या समोरच्या बाकावर एक कुटुंब बसलं होतं. फेटा बांधलेला म्हातारा, त्याची नातसून आणि तिचं दीड-दोन वर्षांचं पोरगं. म्हाताऱ्यालाच दाखवायला आणलं होतं. पोरगं बाकाखाली शिरून कोणाची तरी चप्पल चावत होतं.

नातसून ओरडली, "गास्पर! थूक ते! थूक म्हटलं ना!"

गास्परबाबू माझ्याकडे वळले. मग हळूहळू तिकडे वळले.

"कुठले जी तुमी?" त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं.

"पुलगावकडले," म्हातारा म्हणाला.

पुलगावकडून आमच्याकडे कोणी आलेलं मला आठवेना. आणि मला आठवलं नाही म्हणजे आलं नव्हतं.

"खाप्याले सोयरे हाएत काय तुमचे?"

"खापा कोणीकडं आलं?"

"उमरेडले? सावनेरले?"

"नाही बा. आमचे सगळे वर्ध्याच्या अल्याड-पल्याड."

"पहिले कधी आले होते धंतोलीत?"

"आजच आलो जी पहिल्यांदा. काहून?"

"काही नाही," गास्परबाबू म्हणाले. "हे पोराचं नाव... कोणी ठेवलं?"

म्हाताऱ्याला प्रश्नच विचित्र वाटला. "कोणी ठेवाले कशाले पाह्यजे? आमच्यातलंच नाव हाय. जुनं. वाडवडिलापासून चालत आलं."

"वाडवडिलापासून?"

"मंग! आता हे आजकालचे पोट्टे मले म्हणे अनिल ठेवू, सुनील ठेवू. मी म्हटलं, चूप बसा. घरातलं नाव टिकलं पाह्यजे. नाही का?"

"पाह्यजे," गास्परबाबू म्हणाले.

पोरगं बाकाखालून निघालं आणि डुलत डुलत आमच्याकडे आलं. गास्परबाबूंच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं. हाताला चपलेची माती होती, ती सगळी त्यांच्या इस्त्रीच्या पँटला लागली. त्यांनी झटकली नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. नर्स हातात फाईल घेऊन बाहेर आली आणि वरचं नाव वाचायला तिनं फाईल उजेडाकडे धरली.

बाकावर शेजारी बसलेली माणसं विचारतात तसं म्हाताऱ्यानं आपलं सहज विचारलं, "अन् तुमचं नाव काय जी?"

गास्परबाबूंनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

"दगडू," म्हणाले.